डागाळलेली तबकडी

ओमेगा कंपनीने ‘स्पीडमास्टर’ नावाचे मनगटी घड्याळ प्रथम बाजारात आणले ते १९५७ साली. त्या पहिल्या आवृत्तीतील एक घड्याळ २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात जिनीव्हा येथे लिलावात निघाले. त्याला ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक येतील असा अंदाज लिलावाच्या यादीत छापला होता. प्रत्यक्षात, दस्तुरी धरून, त्याची किंमत झाली ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँक. घड्याळ सोन्याचे नव्हते, पोलादाचे होते. त्यात हिरेमाणके जडवलेली नव्हती की ते कुणा राजाच्या मनगटावर मिरवलेले नव्हते. मात्र त्याची तबकडी, जी मूळची काळी कुळकुळीत असावयाची, ती विटून सर्वत्र सारखी चॉकलेटी झाली होती आणि आकड्यांचा पांढरा रंग जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा पडला होता.

हे घड्याळ पन्नास-साठ वर्षांपूर्वी मी घरी आणले असते, तर माझ्या आईने पहिला प्रश्न विचारला असता, “एवढे विटके कशाला रे उचललेस?” आणि तो प्रश्न योग्यच ठरला असता. विटके कापड, कळकलेले भांडे, पापुद्रे सुटलेली भिंत ह्यांना आमच्या घरात जी जागा होती, तीच विटलेल्या तबकडीला. मग तिची किंमत निर्दोष तबकडीपेक्षा अधिक कशी झाली, आणि मुख्य म्हणजे केव्हा झाली, हा प्रश्न मला पडला. त्याला एक खाजगी कारणही आहे. ते पुढे येईल.

संग्राहकांच्या बोलीत अशा तबकडीला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. ट्रॉपिकल म्हणजे उष्ण कटिबंधातली. ही घड्याळे गरम, दमट, उन्हाच्या देशांत राहिली आणि तिथल्या हवेने त्यांचा रंग बदलला, अशी समजूत ह्या नावामागे आहे. ती सर्वस्वी खरी नव्हे. थंड देशांतल्या खिडकीपाशी पडून राहिलेली घड्याळेही विटलेली सापडतात. पण तिच्यात तथ्य आहेच. विसाव्या शतकातील सामान्य तबकडी म्हणजे पितळेच्या पत्र्याची पातळ चकती. तिच्यावर चांदीचा मुलामा किंवा काळा रंग, त्यावर अक्षरे, आणि सर्वांवर संरक्षणासाठी लाखेसारख्या रोगणाचा एक पारदर्शक थर. हे रोगण पुष्कळदा नायट्रोसेल्युलोजचे असे. उन्हातील अतिनील किरणांनी काळ्या रंगातील द्रव्ये फिकी होतात, रोगण पिवळे पडते, आणि काचेच्या कडेने किंवा चावीच्या भोकातून ओलावा आत शिरला की दोन्ही क्रिया जलद होतात. मुंबईच्या चार पावसाळ्यांत जे घडते त्याला झुरिकमध्ये कदाचित तीस वर्षे लागत असतील. तेव्हा जगाने ह्या डागाला आपल्याच हवामानाचे नाव दिले आहे असे म्हणावयास हरकत नाही. गंमत एवढीच, की त्या हवामानात राहणाऱ्या आम्ही मंडळींनी तो डाग नेमाने पुसून काढला.

जुन्या घड्याळांच्या शौकिनांना डागाची आवड पहिल्यापासून होती असे कुणी समजू नये. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील खिशातल्या घड्याळांची तबकडी बहुधा मिन्याची असे. तांब्याच्या चकतीवर काचेची भुकटी पसरून ती सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत वितळवीत. अशी तबकडी विटत नाही. दोनशे वर्षांनंतरही ती धुतलेल्या चिनी बशीसारखी पांढरी राहते. तिला होतो तो एकच रोग, तडा जाण्याचा; आणि केसाएवढ्या तड्यानेही तिची किंमत उतरते. म्हणजे घड्याळे जमवण्याची जी जुनी परंपरा, तिच्या लेखी काळाची खूण हे व्यंगच होते. पुढे मनगटी घड्याळे आली, रोगणाच्या तबकड्या आल्या, त्या विटू लागल्या, तरीही हा दृष्टिकोन पुष्कळ वर्षे टिकला. घड्याळ दुरुस्तीला आले की कंपन्या स्वतःच विटलेली तबकडी काढून नवी बसवीत, काटे बदलीत, आणि जुनी तबकडी कचऱ्यात जाई. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाई. आज ज्या तबकड्यांसाठी लोक घर विकायला तयार आहेत, त्यांच्या कितीतरी बहिणी अशा कारखान्यांच्या केराच्या टोपल्यांतून गेल्या.

हा दृष्टिकोन पालटला तो, माझ्या मते, घड्याळाची गरज संपल्यावर. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीला काढले. पुढच्या पंधरा वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले, की स्वित्झर्लंडमध्ये ह्या धंद्यात असलेल्या सुमारे ९० हजार माणसांपैकी ३० हजारांच्या आसपासच उरली. वेळ कळण्यासाठी किल्लीच्या घड्याळाची आवश्यकता राहिली नाही. जी वस्तू कामातून सुटते ती दोहोंपैकी एका वाटेने जाते: भंगारात किंवा संग्रहात. १९७४ साली जिनीव्हात ओस्वाल्दो पात्रित्झी ह्यांनी केवळ घड्याळांसाठी सुरू केलेले लिलावघर हे दुसऱ्या वाटेचे दार म्हणता येईल. घड्याळ काम करीत होते तोवर तबकडी ही वाचण्याची पाटी होती, आणि पाटी स्वच्छच हवी. काम सुटल्यावर ती कागदपत्र झाली. जुन्या कागदाचा पिवळेपणा कुणी धुऊन काढीत नाही.

ह्या पालटाची तात्त्विक बाजू एका ऑस्ट्रियन पंडिताने फार पूर्वी मांडून ठेवली होती. आलोइस रीगल हा व्हिएन्नाचा कलेतिहासकार. स्मारकांच्या जतनाचा कायदा करण्याची तिथे खटपट चालू असताना १९०३ साली त्याने एक निबंध लिहिला आणि आपण जुन्या वस्तूंना किंमत देतो ती किती निरनिराळ्या कारणांनी, ह्याची फोड केली. वस्तूचे ऐतिहासिक मूल्य वेगळे. ते तिच्या मूळ रूपात असते, म्हणून इतिहासकाराला झीज थांबवावीशी वाटते. आणि ‘कालमूल्य’ वेगळे. ते झिजेतच असते, निसर्गाने तिच्यावर जे केले त्याच्या दर्शनात असते. तिसरे ‘नवतामूल्य’, पूर्ण, अभंग, झळझळीत वस्तूचा आनंद. रीगलचे म्हणणे असे, की कालमूल्याला विद्वत्ता लागत नाही. अडाणी शेतकऱ्यालाही जुना मनोरा जुना दिसतो. मात्र नवतामूल्याचा बहुजनांच्या मनावरचा पगडाही त्याने नाकारला नाही.

रीगलने मनगटी घड्याळाचा विचार केला नव्हता; तो १९०५ मध्ये वारला. पण आजच्या संग्राहकाच्या मनातला गोंधळ त्याच्या चौकटीत बरोबर बसतो. ह्या गृहस्थांना काळाची खूण हवी असते, पण हवी तशीच. तबकडी सगळीकडे सारखी, दुधात कोको मिसळावा तशी उतरली तर किंमत दसपट. तीच ओलाव्याने ठिपक्याठिपक्यांनी कुजली, रोगणाचे पापुद्रे सुटले, तर कुणी हात लावीत नाही. वास्तविक काळाने दोन्ही ठिकाणी सारखेच काम केले आहे. शिवाय ती विटावी तेवढी विटून झाली, आता आणखी विटू नये, म्हणून तिला अंधाऱ्या तिजोरीत ठेवतात! कालमूल्याचा उपासक शेवटी काळालाच दाराबाहेर उभा करतो. रोलेक्सच्या १९८८ पासून निघालेल्या ‘डेटोना’ घड्याळांपैकी काहींच्या लहान तबकड्यांच्या कडा पुढे तपकिरी झाल्या. रोगण सदोष निघाले, त्याखालची चांदी काळवंडली, एवढाच प्रकार. पण वर सांगितलेल्या पात्रित्झींनी तिकडे लक्ष वेधले आणि त्या दोषाला त्यांचेच नाव मिळाले. कारखान्याच्या चुकीला लिलाव करणाराचे नाव मिळावे ह्यात बाजाराचा सगळा स्वभाव आला.

आणि जिथे बाजार तिथे बनावट. विटलेल्या तबकडीची बाजू घेणारे म्हणत, की नव्या रंगाची नक्कल करता येते, पण पन्नास वर्षांची कशी करणार? हा युक्तिवाद मला पटला होता. पण तबकड्या भट्टीत भाजून, तीव्र किरणांखाली ठेवून ‘पिकवणारे’ लोक निघाले. आंबे पिकवतात तसे. नव्या घड्याळांच्या आकड्यांना कंपन्या स्वतःच मुद्दाम पिवळट रंग देऊ लागल्या. आणि २०२३ च्या जून महिन्यात आरंभी सांगितलेल्या त्या ‘स्पीडमास्टर’ची हकीकत बाहेर आली. ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभे केलेले घड्याळ होते. ह्या प्रकारात आपल्याच तीन माजी नोकरांचा हात होता असे ओमेगाने जाहीर केले. ते ३१ लाखांना विकत घेतले होते तेही ओमेगानेच, आपल्या संग्रहालयासाठी. भाग बहुतेक अस्सल होते. मग खोटे काय होते? ते एकत्र जगले होते ही गोष्ट खोटी होती.

डाग काळाचा की माणसाचा, ही शंका आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर एकदा येऊन गेली आहे. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. भित्तिचित्रांचे पोपडे गळत होते, म्हणून १९२० ते १९२२ ह्या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी गळते रंग जागच्या जागी बसवले, हे त्यांचे उपकार. पण त्या कामी त्यांनी लाखेचे रोगण वापरले. ते काही वर्षांत पिवळे, मग तपकिरी झाले आणि त्यावर धूळ बसली. पुढच्या पिढ्यांनी अजिंठा पाहिला तो ह्या पिवळ्या पडद्याआडून. मीही शाळेच्या सहलीत तो तसाच पाहिला, आणि ‘काय हा प्राचीनतेचा सोनेरी रंग!’ असे वहीत लिहिले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी जिथे जिथे ते रोगण उतरवले, तिथे खालून निळे आणि हिरवे रंग निघाले. मी ज्याला दीड हजार वर्षांचा रंग समजलो, तो माझ्या आजोबांच्या तारुण्यातला होता.

आता आपल्या मुंबईकडे वळतो. स्विस घड्याळांचा येथील व्यापार जुना आहे. १७३७ पासून घड्याळे करणाऱ्या फेवर ल्यूबा घराण्याने १८६५ मध्ये मुंबईत पाय रोवला. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव तर हिंदुस्थानच्या बाजारासाठीच घेतलेले. तिच्या ‘सोवार प्राइमा’ ह्या प्रसिद्ध घड्याळाच्या नावात आपला ‘स्वार’ दडला आहे. रेल्वेचे नोकर, मास्तर, पेढीवरचे कारकून ह्यांच्या मनगटांवर ही घड्याळे आली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने पडली. १९६१ मध्ये बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना निघाला खरा, पण घरात असलेले स्विस घड्याळ टाकून देण्याची कुणाची ऐपत होती? ते टिकवायचे होते. हवा दमट, घाम खारट. तबकडी दहा-पंधरा वर्षांत काळवंडे, आकडे दिसेनासे होत. नवी तबकडी मिळणे शक्य नव्हते. म्हणून तबकडी रंगवून देणारे कारागीर निर्माण झाले. तबकडी यंत्रावरून उतरवायची, जुना रंग खरवडून पितळ उघडे करायचे, त्यावर नवा थर चढवायचा, आणि कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ गादीने उचलून अक्षरे उमटवायची. चोरबाजाराच्या आसपास मी हे काम पाहिले आहे. इंचभर व्यासाच्या चकतीवर चष्मा न लावता साठ रेघा सारख्या अंतराने उमटवणारा हात सामान्य नव्हे.

अलीकडे हीच रंगवलेली घड्याळे, लाल, निळ्या, नारिंगी तबकड्यांची, स्वस्तात परदेशी जाऊ लागली, तेव्हा तिकडच्या संग्राहकांनी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असे कुत्सित नाव दिले. जो हे घड्याळ मूळचे म्हणून विकतो तो लबाडच, ह्यात संशय नाही. परंतु रंगवण्याच्या कृतीलाच जे लबाडी म्हणतात त्यांच्याशी माझे भांडण आहे. आमच्या घरी दर सहा महिन्यांनी कल्हईवाला येई. पितळेची पातेली चिंचेने घासून लख्ख करीत. त्यात दिखावा नव्हता; कळकलेल्या भांड्यातले ताक पोटाला बाधते. वस्तू वापरात आहे तोवर तिला उजळणे हा तिच्याशी वागण्याचा सरळ रिवाज होय. तबकडी रंगवणारा कारागीर घड्याळाला कल्हईच करीत होता. डागाची पूजा करण्याची चैन ज्याला घड्याळात वेळ पाहायचा नाही त्यालाच परवडते.

असे मी आज ठामपणे लिहितो, आणि तरीही एक तबकडी रंगवून घेतल्याचे मला राहून राहून वाईट वाटते.

ते घड्याळ माझ्या वडिलांचे. वेस्ट एंडचेच, १९५२ मध्ये घेतलेले, आकड्यांवर आणि काट्यांत रेडियम भरलेले. रोज सकाळी सातला ते त्याला किल्ली देत. १९७१ साली ते एका रात्री गेले. घड्याळ त्यानंतरही चालत राहिले असले पाहिजे. अशा घड्याळाची किल्ली तीस-छत्तीस तास पुरते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, घर माणसांनी भरलेले असताना, ते केव्हातरी थांबले. आईने ते कपाटात ठेवले आणि पुन्हा कधी किल्ली दिली नाही. सत्तावीस वर्षांनी, तिच्या पश्चात, ते माझ्या हाती आले तेव्हा काटे सहा वाजून चाळीस मिनिटांवर होते. तबकडी पिवळी पडली होती. मुलाच्या लग्नात ते त्याला द्यावे ह्या हेतूने मी ते एका घड्याळजीकडे नेले. त्याने काटे उतरवून तबकडी माझ्यापुढे धरली. तिच्यावर दोन तपकिरी पट्टे होते, एक आखूड, एक लांब. काट्यांच्या सावल्या कायमच्या उमटाव्यात तसे. “हे जाईल ना?” मी विचारले. “साहेब, डाग औषधाला उरणार नाही,” तो म्हणाला. आठ दिवसांनी मला पांढरीशुभ्र तबकडी मिळाली. काटे तेवढे त्याने जुनेच बसवले होते.

ते पट्टे काय होते हे मला फार उशिरा कळले. आपण आजही अंधारात चमकणाऱ्या कशालाही ‘रेडियम’ म्हणतो, मोटारीच्या मागच्या लाल पट्टीलासुद्धा. तिच्यात रेडियमचा कणही नसतो. त्या घड्याळात मात्र ते खरेखुरे होते. जस्ताच्या गंधकयुक्त क्षारात किंचित रेडियम मिसळले की त्याच्या किरणांनी तो क्षार चमकतो. काही वर्षांत किरणांच्या माऱ्याने क्षाराचे स्फटिक निकामी होतात आणि चमक मरते. पण रेडियम मरत नाही. त्याचा निम्मा अंश सरायला सुमारे १६०० वर्षे लागतात. थांबलेला काटा एकाच जागी राहिला तर तो खालच्या रोगणाला हळूहळू जाळतो. ह्याच लेपाने अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज गावच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण मुलींचे जबडे कुजवले. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकवले होते. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी १९२७ मध्ये दावा लावला. १९२८ च्या तडजोडीत प्रत्येकीला १० हजार डॉलर आणि वर्षाला ६०० डॉलर मिळाले. ते वर्षासन फार वर्षे द्यावे लागले नाही. संग्राहक ज्या साईसारख्या पिवळ्या आकड्यांवर लुब्ध होतात, त्यांच्यापैकी जुने आकडे ह्या द्रव्याचे आहेत. १९६० च्या सुमारास रेडियम जाऊन सौम्य असे ट्रिशियम आले.

म्हणजे मी जो डाग पुसला, तो वडिलांच्या जाण्यानंतरच्या सत्तावीस वर्षांचा होता. त्यात त्यांचे काही नव्हते. ते गेल्यावर घड्याळ कुणी हलवले नाही, एवढीच नोंद त्यात होती. आईने ती ठेवली होती, मी पैसे देऊन खरवडून घेतली. आणि खरवडणाऱ्याने ते आकडे उघड्या हातांनी, तोंडावर फडकेही न बांधता खरवडले. ती भुकटी कुठे गेली? पुढे मी त्या गल्लीत गेलो तेव्हा त्याच्या जागी मोबाइलचे दुकान होते. शेजाऱ्याला त्याचा पत्ता ठाऊक नव्हता.

मुलाने ते घड्याळ लग्नाच्या दिवशी घातले, आणि मग परत माझ्याकडेच दिले. त्याला वेळ दुसरीकडे दिसते. ते माझ्या कपाटात असते. हल्ली मी त्याला किल्ली देत नाही. काटे जुने आहेत, त्यांतले रेडियम जसेच्या तसे आहे. मी ते सहा चाळीसवर लावून ठेवले आहेत. अशी मुद्दाम आणलेली सावली अस्सल की बनावट, ह्यावर त्या जिनीव्हाच्या मंडळींनी काय म्हटले असते ते मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत भिंगातून पाहिले तेव्हा मोठ्या काट्याच्या खाली, आठच्या आकड्याच्या अलीकडे, पांढरा रंग किंचित मळकट झाल्यासारखा वाटला. तो डाग आहे की माझ्या डोळ्यांतला मोतीबिंदू, हे अजून ठरायचे आहे.